हिमालयाची रंगीत तालीम, कासूच्या शेतात

आमच्या ताईला बर्फ बघायचा होता आणि भावोजींना भाकरी तव्यावरून थेट ताटात लागायची. आमचा हिमालयाचा सगळा बेत कित्येक महिने या दोन गोष्टींच्या मध्ये अडकून पडला होता.

मी पेणला राहते, ताई रोह्याला. मी शाळेत मुलांना पीटी शिकवली, आता निवृत्त आहे. लग्न केलं नाही, त्यामुळे मला संसारातलं काही कळत नाही असं सगळे धरून चालतात, आणि मी नाकावर राग घेऊनच जन्माला आले असंही म्हणतात. त्यातलं दुसरं खरं आहे. ताई माझ्याहून मोठी. तिच्या वाटणीचा रागही मीच घेऊन आले असणार, कारण तिला कोणावर चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भावोजी म्हणजे तिचे यजमान. त्यांनी जन्मभर कंपनीत शिफ्ट केल्या आणि निवृत्त झाल्यावर एकच शिफ्ट चालू ठेवली, झोपाळ्यावरची. ती सकाळी चहाबरोबर सुरू होते आणि मधल्या सुट्टीत जेवण असतं.

बेत मी काढला. मोबाइलवर एक जाहिरात आली होती, पन्नाशीपुढच्या बायकांसाठी उत्तराखंडातला छोटा ट्रेक. एका गावापर्यंत गाडीने जायचं, तिथून दिवसभर डोंगर चढायचा, वर एक रात्र तंबूत राहायचं, सकाळी समोरची बर्फाची शिखरं बघायची आणि खाली उतरायचं. मे महिन्यात जायचं होतं. मी तो फोटो घेऊन रोह्याला गेले तेव्हा ताई पोह्यांना फोडणी देत होती. तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला आणि बघतच राहिली. पोहे खाली लागले.

"एवढा बर्फ खरंच असतो गो?" तिने विचारलं. आणि मी हो म्हणायच्या आत पुढे, "पण यांच्या जेवणाचं काय?"

जेवण ही सबब होती. खरं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी ते तोंडावर आणत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी गणपतीत ताई माझ्याकडे पेणला एका रात्रीसाठी राहायला आली होती आणि नेमकं त्याच रात्री भावोजींच्या छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांनी त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं, पुढे पनवेलला हलवलं, तिथे स्टेंट बसवला. भावोजी घरी आले आणि महिन्याभरात पूर्वीसारखे कुरकुरायलाही लागले. पण ताईने त्यानंतर एकही रात्र घराबाहेर काढली नव्हती. पुतणीच्या लग्नाला अलिबागला गेली, ती अक्षता टाकून संध्याकाळच्या एसटीने परत. आपण एक रात्र नव्हतो आणि हे झालं, एवढंच तिच्या मनात घट्ट बसलं होतं. ती माझ्याबरोबर आली तर ते मनातून निघणार होतं. नाही आली तर ती आता त्या घरातून कधीच कुठे जाणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला हिमालय हवा होता, पण त्याहून जास्त माझी बहीण परत हवी होती. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. तिला बूट आणून दिले.

या बुटांनी रोह्यात खळबळ उडवली. ताईच्या वयाची बाई साडीवर स्पोर्ट शूज घालून नदीकाठच्या रस्त्याने चालायला लागली की आमच्याकडे त्याचा एकच अर्थ निघतो, डॉक्टरने सांगितलं असणार. पहिल्या दिवशी वाटेत भेटलेल्या प्रत्येकीने तिला थांबवून विचारलं, "काय गो, गुडघा का टाच?" हिमालय असं उत्तर द्यायची ताईला लाज वाटायची, म्हणून ती टाच म्हणायची. दोन दिवसांत तिच्याकडे टाचदुखीची चार तेलं जमा झाली.

ट्रेकचं सगळं बघणारी मुलगी पनवेलची होती, आवाजावरून भलतीच उत्साही. तिने फोनवर सांगितलं होतं की पाठीवर थोडं वजन घेऊन चालायची सवय करा. ताईने पिशवीत वजन म्हणून काय भरलं असेल? रोह्याचे पोहे आणि कडवे वाल. आता रोह्यात चालायला निघालं की चार पावलांवर कोणी ना कोणी नात्यातलं राहतं. दारावरून जाताना हाक आली की थांबायचं, थांबलं की आत जायचं, आणि पिशवी भरलेली असताना रिकाम्या हाताने आत जायचं तरी कसं? ताई प्रत्येक घरी थोडे थोडे पोहे देत जायची आणि घरी यायची तेव्हा पाठीवर नुसती पिशवी. मी तिला फोनवर झापलं. दुसऱ्या दिवशीही तिने तेवढंच वाटलं, पण लोकही काही कच्चे नव्हते. ती आली ती दोन नारळ, एक पपई आणि अळूची जुडी घेऊन. त्या दिवशीचा सराव मात्र खरोखर चांगला झाला.

पेणला माझी वेगळीच तऱ्हा. आमच्या गल्लीत गणपतीचे कारखाने आहेत. सकाळी मी पाठीवर सॅक घेऊन जिने चढायची, चार मजले वर, चार मजले खाली, आणि समोरच्या कारखान्यातले लोक मूर्तींना पॉलिशपेपर मारता मारता मोजायचे. त्यांना हिमालयाचं कळलं तेव्हा मुख्य कारागीर म्हणाला, "बाई, वर शंकर भेटला तर सांगा, तुमच्या पोराचं काम पेणला बाराही महिने चालू हाय, काळजी नको." दुसरा म्हणाला, "आनि म्हणावं एकदा येऊन बघून जा, सोंड बरोबर झाली का." मी सांगते म्हटलं. तेव्हापासून कारखान्यातले सगळे मला रोज एक नवीन निरोप द्यायला लागले. बहुतेक निरोप रंगाच्या भावाबद्दल होते.

एका रविवारी आम्ही दोघींनी त्या पनवेलच्या मुलीला ताईच्या ओट्यावरून फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. थंडी किती, कपड्यांचे किती थर घालायचे, वर चढताना दम लागला तर काय, हे सगळं मी विचारून घेतलं. मग म्हटलं, ताई, तुला काही विचारायचंय का?

"वर फोन लागतो का?" ताईने विचारलं.

"वर रेंज नसते, काकू. पण खालच्या गावात आमची माणसं असतात. काही लागलं तर वायरलेसवरून बोलता येतं."

"मग खालची माणसं रोह्याला निरोप देतील काय?"

"देतील ना. कसला निरोप?"

"दुपारची गोळी घेतली का, असा."

 मग ती मुलगी फार गोड आवाजात म्हणाली की बघू, काहीतरी करू. भावोजी झोपाळ्यावरून हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "गोळी मी घेतो रोज. तीच मला रोज विचारते, म्हणून तिला वाटतं मी विसरतो." ताईने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ती भाकऱ्या किती दिवस टिकतात याचा विचार करत होती.

तांदळाची भाकरी फ्रीजरमध्ये ठेवता येत नाही, हे आमच्या मोहिमेचं सगळ्यात मोठं संकट ठरलं. वालाचं बिरडं ठेवता येतं, आमटी ठेवता येते, भाकरी नाही. मग मी भावोजींनाच शिकवायचं ठरवलं. जन्मभर मुलांना कवायत शिकवली, एका माणसाला भात-भाकरी शिकवणं काय अवघड. मी गळ्यात शिट्टी अडकवून ओट्याशी उभी राहिले आणि भावोजींना तांदूळ धुवायला लावले. त्यांनी ते इतके धुतले की अर्धे बेसिनमध्ये गेले. कुकर लावला, पण झाकणाची रिंग टेबलावरच राहिली. भाकरीचं पीठ त्यांनी मळलं तेव्हा ते कोपरापर्यंत चढलं. "किती शिट्ट्या करायच्या?" मी परीक्षा घेण्यासाठी विचारलं. ते म्हणाले, "शिट्टी तुमच्या गळ्यात हाय, तुम्हीच सांगा." ताई दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. मग तिने पुढे होऊन त्यांच्या हातातलं पीठ काढून घेतलं आणि चार भाकऱ्या थापून टाकल्या. मला वाटलं, ही बाई त्यांना शिकूच देणार नाही. तेव्हा मी ते तिच्या मायेवर टाकलं. भावोजींचाही त्यात हात असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही.

पनवेलच्या मुलीची आणखी एक सूचना होती. जाण्याआधी कुठेतरी एक रात्र तंबूत झोपून बघा, कारण काही जणांना तंबूत घाबरायला होतं. मला ही सूचना सोन्यासारखी वाटली. मी त्यातून दुहेरी रंगीत तालीम ठरवली. ताईने माझ्याबरोबर एक रात्र तंबूत काढायची, आणि भावोजींनी त्याच रात्री रोह्याच्या घरात एकट्याने. तंबू पेणच्या एका ओळखीच्या माणसाकडून आणला. जागाही ठरवली. कासूला आमच्या माहेरची थोडी जमीन आहे, भाताची, आता आमचा चुलतभाऊ ती करतो. पावसाळ्यानंतर तो तिथे वाल लावतो. कासू ताईच्या घरापासून लांब नाही, काही झालंच तर पटकन परतता येईल. ताईला पटवायला मला आठवडा लागला. शेवटी ती तयार झाली, पण मधल्या सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ करूनच.

मग मी चुलतभावाला फोन केला. जानेवारी संपत आला होता. "आम्ही दोघी शनिवारी संध्याकाळी शेतात येतो," मी म्हटलं. "रात्री तिथेच राहणार. थोडी शेकोटी करू. चालेल ना?"

"चालंल काय? चालंलच गो," तो म्हणाला. "तुमी फकस्त या. बाकीचं मी बघतो सगळं."

किती समजूतदार माणूस, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.

शनिवारी मी पेणहून गाडीत बसले, ताई रोह्याहून उलट बाजूने आली आणि आम्ही कासूच्या स्टेशनवर भेटलो. ताईच्या पायात बूट, पाठीवर सॅक, आणि चेहरा ऑपरेशनला निघाल्यासारखा. सकाळी फ्रीजमध्ये बिरडं ठेवलं, कुकरमध्ये तांदूळ आणि पाणी मोजून ठेवलं, नुसता गॅस पेटवायचा आहे, हे तिने मला स्टेशनपासून शेतापर्यंत तीनदा सांगितलं. मी तिला खांदे ताठ ठेवून चालायला सांगत होते.

बांधावर चढलो आणि समोर बघितलं तर आमच्या शेतात प्लास्टिकच्या खुर्च्या. बायका सुपात शेंगा निवडत बसलेल्या. एका बाजूला मडकी ओळीने ठेवलेली, शेजारी भांबुर्डीच्या पाल्याचा ढीग, पेंढ्याचे भारे, अंड्यांचे ट्रे. अर्धं कासू तिथे होतं, आणि पेणचे आमचे दोन मामेभाऊ सहकुटुंब.

"हे काय?" मी चुलतभावाला विचारलं.

"पोपटी."

"कोणी सांगितली?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मला ऊन लागलं असावं. "तुमीच ना गो. आता वालाच्या शेंगा भरल्यात. शेतात रातचं ऱ्हायचं म्हणालात, शेकोटी करायची म्हणालात. मंग दुसरं काय करतात?"

 जन्म पेणमध्ये काढलेल्या बाईने थंडीत, वालाच्या शेतात, संध्याकाळची शेकोटी करायची म्हणून सांगायचं आणि समोरच्याने त्यातून पोपटी सोडून दुसरं काही समजावं अशी अपेक्षा करायची, म्हणजे माझीच कमाल. आमच्याकडे मडक्यात पाला घालून, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी असं भरून, मडकं शेतात उपडं करून भोवती जाळ करतात, आणि त्या जाळाभोवती बोलावलेले न बोलावलेले सगळे जमतात. पोपटी दोघींची नसते. कॅम्पिंग नावाची गोष्ट दोघींची असते हे चुलतभावाला कोण सांगणार?

आणि त्या घोळक्यात बाह्या दुमडून, मडक्याला बाहेरून हात लावून तपासत, भावोजी उभे होते. त्यांना रोह्याच्या शेजाऱ्यांनी स्कूटरवरून आणलं होतं.

"तुम्ही इथे कसे?" मी विचारलं. "तुमची तालीम घरी होती."

"पोपटीचं बोलावणं आलं," भावोजी शांतपणे म्हणाले. "पोपटीला नाय जायचं आणि घरी बसून बिरडं खायचं? लोक काय म्हणतील?"

मी ताईकडे बघितलं. स्टेशनपासूनचा तो ऑपरेशनचा चेहरा पार गेला होता. भावोजी डोळ्यांसमोर होते आणि ती सुटली होती. तिने सॅक खाली ठेवली, पदर खोचला आणि शेंगा निवडायला बसली. मला इतका संताप आला की मी शिट्टी काढली आणि जोरात फुंकली. सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. पुढे काय करायचं ते मलाच माहीत नव्हतं, तेव्हा सगळे परत शेंगांकडे वळले.

मी भावोजींना बाजूला घेतलं आणि सांगितलं, काहीही झालं तरी तुम्ही आज रात्री घरी जायचं. ते म्हणाले, "जाणारच हाय. जसा आलो तसा जाणार, स्कूटरवर मागे बसून." हे ताईने ऐकलं. ती शेंगांच्या सुपावरूनच म्हणाली, "मग मी पण येते ना तुमच्याबरोबर. तंबू लावून बघू, आत बसून बघू, म्हणजे झालं. एवढा मुक्काम कशाला?"

तिने हे इतक्या सहज म्हटलं की बाकी कोणाला त्यात काही वाटलं नाही. मला वाटलं, संपलं. जी कासूला एक रात्र राहत नाही ती उत्तराखंडात काय राहणार? मी तंबू उभारायला घेतला. सगळं कासू मला सूचना करत होतं. कोणी म्हणालं दोरी ढिली आहे, कोणी म्हणालं तोंड पूर्वेकडे करा, एक बाई आत डोकावून म्हणाली, "याच्यात न्हानी कुठं हाय?" मी खुंट्या इतक्या रागाने ठोकल्या की त्यातली एक वाकली.

दुसरीकडे भावोजी मडकी भरायला बसले होते. ज्या माणसाला कुकरची रिंग सापडत नाही तो माणूस तिथे राजासारखा बसला होता. तळाला पाला किती, बटाटे कुठे, अंडी कुठे, शेंगा किती दाबायच्या, हे सगळं तो हुकूम सोडत करत होता आणि सगळे ऐकत होते. मी हातातला हातोडा ठेवून ते बघत राहिले. हा माणूस पन्नास जणांचं रांधू शकतो, तर याला घरी एका माणसाचा भात का जमत नाही? ते गणित मी तिथेच सोडवलं आणि मला त्यांचा रागही आला आणि हसूही.

ताई त्यांच्या शेजारी बसून शेंगा पुढे सरकवत होती. भावोजींनी मुठीत ओवा घेतला तेव्हा ती सवयीने म्हणाली, "जास्त घाला ओवा. तुम्हाला गॅस होतो."

भावोजींची मूठ मडक्याच्या तोंडावर तशीच थांबली. मग त्यांनी ती उघडली आणि ओव्याकडे बघत राहिले.

"त्या रात्री तू घरी असतीस ना," ते म्हणाले, "तर हाच दिला असतास मला. ओवा, वर गरम पाणी. पाठीवरून हात फिरवला असतास आणि म्हणाली असतीस, गॅस झालाय, पडा थोडा वेळ. मी पडलो असतो. सकाळपर्यंत पडून राहिलो असतो."

"म्हणजे?" ताईने विचारलं.

"म्हणजे काय? तू नव्हतीस. ओव्याचा डबा कुठे असतो ते मला ठाऊक नाय. शोधला, नाय मिळाला. मग घाबरलो आणि यांचं दार वाजवलं." त्यांनी शेजाऱ्यांकडे हात केला. शेजारी मान खाली घालून पाला नीट करत होते. "डॉक्टर काय म्हणाला ते सांगा हिला."

"म्हणाला, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं," शेजारी म्हणाले. "म्हणाला, बरं झालं घरात कोणी उपाय करत बसलं नाही." हे बोलून त्यांना कुठे बघावं कळेना.

शेंगा निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. ताई भावोजींकडे बघत होती. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "मला सांगितलं का नाय?"

भावोजींनी ओवा मडक्यात टाकला, हात झटकले. खोटं बोलायला त्यांना भरपूर वेळ होता, पण ते बोलले नाहीत. "सांगितलं असतं तर तू परत जायला लागली असतीस," ते म्हणाले. "पेणला, लग्नांना, कुठे कुठे. तू घरी असलीस की मला बरं वाटतं. म्हणून नाय सांगितलं."

ताई उठली. तिने मांडीवरच्या शेंगांची सालं झटकली आणि सरळ बांधाच्या टोकाला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. आमच्या घरातला राग हा माझा मक्ता होता. तिचा राग कसा हाताळतात हे कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. मी दोन पावलं तिच्याकडे गेले, मग थांबले. भावोजींना फाडून खावं असं मला वाटत होतं, पण तो हक्क आधी तिचा होता. आणि खरं सांगायचं तर, मला त्यांच्याबद्दल वाईटही वाटत होतं. ते हे आणखी दहा वर्षं पोटात ठेवू शकले असते आणि रोज गरम भाकरी खाऊ शकले असते. ताई सहज म्हणाली, मी पण येते, ते त्यांनीही ऐकलं होतं. माझ्यासारखंच त्यांनाही ते ऐकवलं नसावं.

मडकी उपडी झाली, पेंढा रचला, जाळ लागला. भावोजींनी कोणाशी न बोलता सगळं केलं. जाळ बसल्यावर तापलेल्या मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्र होऊन उडालं तेव्हा त्यांनी मान हलवली, आणि मडकी फोडली गेली. शेंगांचा वास सगळ्या शेतभर झाला. ताई परत आली आणि सगळ्यांबरोबर खायला बसली, पण वर्तुळाच्या दुसऱ्या टोकाला. ती बायकांशी बोलत होती, हसतही होती. भावोजींनी केळीच्या पानावर सोललेल्या शेंगा, एक अंडं आणि बटाटा असं तिच्यासाठी लावून पाठवलं. तिने ते पान शेजारच्या बाईला दिलं आणि आपलं आपण वाढून घेतलं. संसारातलं मला काही कळत नाही असं म्हणतात, पण एवढं मला कळलं.

आठच्या सुमाराला लोक पांगायला लागले. टेम्पोत पेणचे मामेभाऊ चढले, कासूकर खुर्च्या डोक्यावर घेऊन निघाले. शेजाऱ्यांनी रस्त्याच्या कडेला स्कूटर सुरू केली आणि भावोजी त्यांच्याकडे चालायला लागले. तेव्हा ताईने तंबूपाशी ठेवलेली आपली सॅक उचलली, पाठीला लावली आणि त्यांच्या मागे निघाली. मी कंदील हातात धरून बघत राहिले. तिला हाक मारावी असं वाटलं, पण काय म्हणणार होते? एवढं सगळं ऐकूनही तिला घरीच जायचं होतं. मी तिच्या मागून गेले, निदान स्कूटरवर तिघं बसू नका एवढं सांगायला.

भावोजींनी तिला येताना बघितलं आणि ते थांबले. त्यांचा चेहरा खुलला, ते त्यांना लपवता आलं नाही. "येतेस काय?" त्यांनी हळूच विचारलं.

ताईने सॅक पुढे घेतली, उघडली आणि आतून तंबूतल्या थंडीसाठी बरोबर आणलेला त्यांचा मफलर काढला. तो त्यांच्या डोक्यावरून, कानांवरून, गळ्याभोवती गुंडाळला, जरा जास्तच आवळून, आणि हनुवटीखाली गाठ मारली. मग सॅकची चेन लावली.

"पोचलात की फोन करू नका," ती म्हणाली. "मी झोपलेली असेन."

आणि ती वळून तंबूकडे निघाली, मला तिथेच सोडून, भराभर. भावोजी तिच्याकडे बघत रस्त्याच्या कडेला उभे राहिले. शेजाऱ्यांना दोनदा हॉर्न वाजवावा लागला.